डब्याखालचं लोखंड

तुमचे आजोबा घरच्या ग्रुपवर डब्याचे फोटो टाकतात ते सगळे खालून काढलेले असतात. दार नाही, खिडकी नाही, मी शिवलेले पडदे तर नाहीतच. नुसतं लोखंड, तांबडा रंग आणि एका कोपऱ्यात त्यांच्या स्वतःच्या चपला. परवा तुम्ही दोघांनी विचारलंत, की त्या लोखंडी पट्ट्या मधेच कापल्यासारख्या का दिसतात. त्यावर आजोबांनी "मोठी गोष्ट आहे" एवढंच लिहिलं आणि पुढे एक अंगठा टाकला. मोठी गोष्ट लिहायचं काम मग माझ्याकडे आलं. या घरात लिहायचं काम नेहमी माझ्याकडेच येतं. तेव्हा पहिल्यापासून, क्रमानं लिहिते. एखादा शब्द अडला तर बाबांना विचारा, त्यांनाही जरा सराव होईल.

डबा म्हणजे जीपच्या मागे जोडून ओढत न्यायची दोन चाकांची खोली. तुमच्याकडे, तिकडे परदेशात, लोक त्या घेऊन सुट्टीला जातात, तुम्ही मला दाखवल्या आहेत. आपल्याकडे असली चीज क्वचित दिसते. आमचा डबा कुठल्याशा कंपनीनं गावोगाव औषधांची जाहिरात करायला बनवून घेतला होता. ती कंपनी बुडाली आणि डबा शिवडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात, तेलाच्या पिंपांच्या मागे, वर्षानुवर्षं उभा राहिला. शिवडीला खाडीचा वारा. तो लोखंड खातो. वरून रंग शाबूत दिसतो आणि आत काही उरलेलं नसतं.

आम्हाला असल्या डब्याची गरज का पडावी, हे सांगायला गणपतीपासून सुरुवात करायला हवी. सगळी मुंबई गणपती बघायला लालबागला येते, तेव्हा आम्ही लालबागचे लोक आपापल्या कोकणातल्या गावी गेलेलो असतो. मी गिरगावात वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, दादरच्या शाळेत इंग्रजी शिकवत राहिले. माझ्या माहेरी गणपती म्हणजे गल्लीतला. लग्न झालं आणि आजोबांबरोबर रत्नागिरीच्या पुढच्या त्यांच्या गावी जाऊ लागले. ते घर आता तुमच्या आजोबांच्या पुतण्यांचं आहे. माणसं चांगली आहेत, हे आधी लिहून ठेवते. पण गणपतीत त्या घरात इतकी माणसं जमतात, की पुरुष ओटीवर झोपतात आणि आम्ही बायका माजघरात, एकीच्या डोक्याशी दुसरीचे पाय अशा, ओळीनं. संडास परसाच्या टोकाला आणि तोही उकिडवं बसायचा. कपडे बदलायला जागा नाही, तांदळाच्या कणगीमागे उभं राहून साडी नेसायची. तरुणपणी त्याचं काही वाटलं नाही. नंतर वाटू लागलं. मग गुडघे गेले.

दोन वर्षांपूर्वी गावाहून परत आलो. पिशव्या रिकाम्या केल्या, कपडे भिजत घातले आणि मी आजोबांना म्हटलं, "पुढच्या वर्षी मी येणार नाही."

"कोणी काही बोललं का?"

"कोणी काही बोललं नाही."

"मग?"

"मी दमले."

मी चिडून बोलले असते तर त्यांना ते कळलं असतं. चिडलेल्या माणसाची समजूत घालता येते. दमलेल्या माणसाची कशी घालायची, हे त्यांना कधीच जमलं नाही. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. गावाला गणपतीत एकट्यानं जायचं म्हणजे घरोघरी आरतीला गेलं की "काकी नाय आली?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं. आणि मुळीच जायचं नाही, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. त्या गॅलरीत काय शिजलं ते मला थोड्याच दिवसांत समजलं.

इथे भाऊंची ओळख करून द्यायला हवी. भाऊ हे आजोबांचे मिलमधले मित्र. मिलच्या वर्कशॉपमध्ये आजोबा फिटर, भाऊ वेल्डर. दोघं अजून एकमेकांना त्याच नावानं हाक मारतात. मिल बंद झाल्यावर आजोबा एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले आणि भाऊंनी शिवडीत ट्रान्सपोर्टचं काम धरलं. राहायला करी रोडला. त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या नव्या घरात दारासमोर बुद्धाची तसबीर आहे आणि तिच्याखाली, सूनबाई कितीही ओरडल्या तरी, वेल्डिंगची जुनी काच ठेवलेली आहे. भाऊंची स्वतःची एक जीप आहे. डबा त्यांनीच शोधला.

एका सकाळी दोघं मला शिवडीला घेऊन गेले. गोदामातल्या अंधारात तो डबा पाहिला आणि मला वाटलं, ठीक आहे, पुसून घेतला तर दिसेल बरा. आजोबांनी दार उघडलं. "चढ. तुझी खोली," असं म्हणाले. मी एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, आणि खालचं प्लायवूड भिजलेल्या बिस्किटासारखं दबून माझा पाय घोट्यापर्यंत आरपार गेला.

"वहिनी, हलू नका!" भाऊ ओरडले.

"मी कुठे हलतेय? तुमची गाडी हलतेय."

पाय निघाला. खरचटलं होतं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. टॅक्सीत आजोबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तळ सगळा बदलायचा. असा करतो की हत्ती चढला तरी कुरकुरणार नाही."

"हत्ती नाही चढणार. मी चढणार आहे."

त्यांनी ऐकलं नाही. त्या क्षणापासून डबा हत्तीसाठी बनू लागला.

पुढचे कितीतरी महिने आमच्या घराची घडी त्या डब्यानं बसवली. सकाळी पोळीभाजी करून द्यायची, आजोबा बसनं शिवडीला जाणार, संध्याकाळी गंजानं माखून येणार. त्यांचे कपडे मी वेगळ्या बादलीत भिजवत असे, ते पाणी विटकरी रंगाचं होई. पाठीला तेल लावायचं, वेल्डिंगच्या धुरानं खोकला आला की वाफ द्यायची. मी विसावा मागितला होता आणि घरात एक काम वाढलं होतं. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायलाही जोर लागतो.

अधूनमधून मी शिवडीला जात असे, मुख्यतः ते काय करतात यावर नजर ठेवायला. पहिल्या दिवशी पाहते तर डबा नुसत्या जॅकवर उचललेला आणि आजोबा खाली पुठ्ठ्यावर पाठ टेकून आत सरकलेले, बाहेर फक्त पाय. मी तिथेच उभी राहून सांगितलं, की खाली टेकूला लोखंडी घोड्या लावल्याशिवाय कोणी खाली जायचं नाही. भाऊंनी मुकाट्यानं चार कोपऱ्यांत चार घोड्या लावल्या. "शाळा सुटली तरी बाई सुटत नाय," असं पुटपुटले, ते मला ऐकू आलं.

तळाचा पत्रा काढला तेव्हा आतून उंदरांची घरटी, सडलेलं पाणी आणि गंजाचे पापुद्रे निघाले. मूळ सांगाडा पातळ पत्र्याला घड्या घालून केलेला होता. तो बघून आजोबांना हसू आलं. "हे काय, पापड लाटलेत?" म्हणाले.

त्यांचं हसणं कुठून येत होतं ते मला समजत होतं. मिलमध्ये लूम, म्हणजे कापड विणायचा माग, जरा जरी थरथरला तरी धागा तुटतो. म्हणून तिथे सगळं जमिनीत रोवून, बोल्ट मारून, वर आणखी लोखंड घालून बसवलेलं. यंत्र हललं तर फिटरला शिव्या. या दोघांनी उमेदीची सगळी वर्षं एकाच गोष्टीत घालवली होती, की जे बसवलं ते हलता कामा नये. त्यांना हलकं काम हे हलक्या माणसाचं काम वाटतं. तेव्हा त्यांनी आधी गंज घासून काढला, तांबडा प्रायमर मारला आणि मग खालून जाड चॅनल घातले. चॅनलवर अँगल. अँगलमध्ये आडवे अँगल. त्यावर नक्षीची जाड लोखंडी प्लेट, बसच्या पायरीवर असते तशी. गोदामामागे एका पाडलेल्या मिलच्या शेडचं लोखंड पडलं होतं, ते आजोबांनी हातानं थोपटून निवडलं. "हे बघ, आपल्याकडचं लोखंड. असं आता मिळत नाही."

डब्याच्या पुढच्या दांड्यावर पितळेची एक छोटी पट्टी होती. मी ती रुमालानं पुसून वाचली. इंग्रजीत लिहिलं होतं, की या गाडीचं एकूण वजन इतक्याच्या वर जाऊ नये.

"अहो, यावर वजनाची मर्यादा आहे."

"कंपनीवाले लिहितात असं काहीतरी," आजोबा खालून म्हणाले. "आपल्या अंगावर नको म्हणून."

"वहिनी," भाऊ म्हणाले, "लग्नाच्या पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' लिहितात ना, तसं आहे ते."

मला हसू आलं. पण पंधरवड्यानं मी पुन्हा सांगितलं, आणि त्यानंतरही एकदा. प्रत्येक वेळी खालून ठिणग्यांचा आवाज वाढला.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. एक दिवस आजोबांनी मला आत उभं केलं आणि खडूनं खुणा करायला लागले. पलंगाची उंची माझ्या गुडघ्याला लावून पाहिली. कमोडच्या खुर्चीवर मला साडीसकट बसवलं आणि उठताना माझा हात आपसूक जिथे गेला तिथे भिंतीवर फुली मारली. दुसऱ्या दिवशी तिथे धरायला नळी बसलेली होती. तेव्हा मला त्या सगळ्या विटकरी पाण्याचा राग आला नाही.

गणपती आठवड्यावर आले तेव्हा डबा तयार झाला. भाऊंनी जीप जोडली, आजोबांनी नारळ फोडला, हार घातला. चालत्या डब्यात माणसानं बसायचं नसतं, हे मी आधीच वाचून सांगितलं होतं, म्हणून आम्ही तिघं जीपमध्ये. गोदामातून निघालो. सपाट रस्त्यावर डबा चालला, पण जीपचा आवाज कण्हल्यासारखा. भाऊ गप्प होते, आणि ते गप्प असले की काहीतरी बिघडलेलं असतं. मग पुलाचा चढ लागला. जीप अर्ध्या चढावर थांबली, गुरगुरली, करपल्याचा वास आला, धूर निघाला आणि आम्ही इंचाइंचानं मागे घसरायला लागलो. मागून हॉर्नचा एकच कल्लोळ. आजोबांनी उडी मारून, म्हणजे त्या वयात जेवढी मारता येते तेवढी, चाकाखाली दगड घातला.

ट्रॅफिकचा हवालदार आला. डब्याभोवती एक चक्कर मारली.

"काका, घर घेऊन कुठं चाललात?"

"गावाला, साहेब," भाऊ म्हणाले. "गणपतीला."

"मग घर इथंच ठेवा, तुम्ही जा."

एका रिकाम्या ट्रकवाल्याला दया आली. त्यानं साखळी लावून आम्हाला खाली ओढून आणलं. जीप गार झाल्यावर हळूहळू परतताना बंदराच्या बाजूचा वजनकाटा लागला. भाऊंनी न विचारता डबा काट्यावर नेला. काट्यावरच्या माणसानं आकडा बघितला आणि बाहेर डोकावला.

"आत काय भरलंय?"

"काही नाही. रिकामा आहे."

"रिकामा?" तो उठून आला, दार उघडून आत बघितलं. पलंग, खुर्ची, माझे पडदे. परत आकड्याकडे बघितलं. पितळेच्या पट्टीवर जे लिहिलं होतं त्याच्या दुपटीलाही तो आकडा पुरून उरला होता. मी तो वाचला, आजोबांनी वाचला.

गोदामात आल्यावर दोघं दोन पिंपांवर बसले. भाऊ म्हणाले, "फिटर, आपण डबा नाय केला. आपण लूम बसवला."

आजोबा आपल्या हाताकडे बघत होते.

मी म्हटलं, "मी येते गाडीनं. झोपेन माजघरात."

"नको," ते म्हणाले. "तू दमली आहेस." ते माझंच वाक्य, मी बोलले तेव्हा त्यांनी ऐकलं होतं म्हणायचं.

ते एकटे गेले. मी लालबागच्या घरात राहिले. खाली रस्त्यावर गर्दीचा महापूर, वर आमच्या मजल्यावर शुकशुकाट, कारण शेजारीही गावी गेलेले. मी दुपारी झोपले, एकटीपुरता भात लावला, पुस्तक वाचलं. विसावा हवा होता, तो मिळाला. संध्याकाळी आजोबांचा फोन यायचा. आरती झाली, उकडीचे मोदक फुटले, धाकट्या सुनेच्या हाताला चटका बसला. शेवटी ठरलेलं वाक्य. "सगळे विचारतात तुला. मी सांगितलं पाय दुखतोय." फोन ठेवला की त्या शांततेचं काय करावं ते मला समजत नसे. पण गेले असते तर बरं झालं असतं, असंही मला वाटलं नाही. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिते.

नारळांचं पोतं घेऊन ते परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पितानाच त्यांनी फोन लावला. "वेल्डर, गॅसकटर काढ."

जोडण्यापेक्षा कापणं अवघड असतं, हे मी त्या हिवाळ्यात पाहिलं. आजोबा खडूनं खूण करत, भाऊंनी कापायचं. भाऊ कटर पेटवून नुसते बघत उभे राहात.

"हा एक राहू दे रे."

"काढ."

"अरे वेल्डिंगची शिलाई बघ. असली आता हातून होणार नाय माझ्या."

"म्हणून तर सांगतो, बघू नको. काप."

मी घरून तुमच्या देशातल्या लोकांनी लिहिलेलं वाचून नेत असे. ते लोक डब्याखाली लोखंड भरत नाहीत. जिथे भार येतो तेवढीच जागा बळकट करतात आणि बाकीचा तळ हलका ठेवतात, वॉटरप्रूफ प्लाय आणि पातळ अॅल्युमिनियम. मी मराठीत सांगायची, आजोबा ऐकायचे. आता मधे बोलत नसत. सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तू आत कुठे कुठे पाय ठेवतेस?"

मला काय ठाऊक? आपण कुठे पाय ठेवतो हे कोणाला ठाऊक असतं?

त्यांनी नव्या प्लायवर खडूची पूड चाळणीनं पसरली. "आता आत राहा. सकाळी उठल्यावर करशील ते सगळं कर." मी पलंगावरून उठले. खुर्चीकडे गेले. नळी धरून उठले. ओट्यापाशी चहाचं भांडं ठेवल्यासारखं केलं. खिडकीपाशी जावं असं वाटलं नाही, म्हणून गेले नाही. दारात येऊन पायरीवर पाय दिला. मागे वळून पाहिलं तर पांढऱ्या पुडीत माझी पावलं उमटलेली, डावं जरा तिरकं, गुडघ्यामुळे.

भाऊ दारातून वाकून बघत होते. "गौर आली," म्हणाले, "सोनपावलांनी."

"सोनपावलं नव्हेत, संधिवात," मी म्हटलं.

आजोबांनी त्या पावलांभोवती पेन्सिलनं रेघा मारल्या. तेवढ्याच जागी खाली पट्टी राहिली. बाकीचं सगळं कापून काढलं. तुम्ही फोटोत पाहिलंत ते हे. जिथे पट्टी सुरू होऊन मधेच संपते तिथे माझं चालणं संपतं.

शिमग्याच्या वेळी पुन्हा निघालो. पुलाचा चढ आला तेव्हा आजोबांनी माझा हात धरला होता, असं मला वाटतं. कदाचित त्यांनी सीट धरली असेल आणि मधे माझा हात आला असेल. जीप चढली. वर पोचल्यावर भाऊ इकडेतिकडे बघत म्हणाले, "आज नेमका साहेब नाय ड्यूटीवर."

महामार्गावर आम्ही इतके सावकाश गेलो, की बैलगाडीवाल्यालाही कीव यावी. प्रत्येक चहाच्या टपरीवर आजोबा उतरून, वाकून, खाली बघून येत. गावात पोचलो, डबा फणसाखाली उभा केला, चाकांना दगड लावले. पुतण्यांनी, सुनांनी, अख्ख्या वाडीनं आत डोकावून घेतलं. जेवणं झाली. आजोबांनी डब्यात येऊन आपली उशी उचलली.

"कुठे?"

"ओटीवर. सगळे आहेत तिथे. भाऊ पण आहे. तू झोप."

म्हणजे एवढा सगळा खटाटोप एकटीसाठी होता, हे मला तेव्हा कळलं. मी आतून कडी लावली. त्या गावात आतून कडी लावून झोपण्याची ती माझी पहिलीच वेळ. ओटीवरून हसण्याचे आवाज येत होते. जरासं एकटं वाटलं. पण पाय लांब केले तेव्हा ते कोणाच्याही डोक्याला लागले नाहीत, आणि मी झोपले.

दुसऱ्या दिवशी घरी पालखी यायची होती. बायका पहाटेपासून पुरणाच्या मागे. मी बसून जेवढं होईल तेवढं केलं. दुपारी जेवणं आटोपल्यावर मी डब्यात येऊन आडवी झाले, तर पायरीशी मोठ्या पुतण्याची बायको उभी. कपाळाला पीठ लागलेलं.

"काकी, जरा टेकू काय?"

मी सरकले. ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि दोन श्वासांत झोपली. थोड्या वेळानं धाकटी आली. "ताई हिथं आहे काय?" असं म्हणून बघायला आली आणि खाली बसली. मग शेजारची एक आली, तिला खुर्ची बघायची होती. बघून म्हणाली, "काकी, माझ्या पण गुडघ्याचं तसंच हाय. कोणाला सांगायचं?" आणि तीही खिडकीखाली पाय पसरून, पाठ टेकून बसली. एवढी वर्षं मी यांच्या शेजारी, यांच्याच ओळीत झोपले होते, आणि त्या घरात दमलेली मी एकटीच, असं धरून चालले होते.

बाहेरून आजोबांचा आवाज आला. "आत किती जणी आहात?"

"चौघी."

"कुठे बसल्यात?"

"एक पलंगावर माझ्याबरोबर. दोघी खाली."

"खाली म्हणजे कुठे? खिडकीखाली नको! तिथे काही नाही!"

पुठ्ठा घासल्याचा आवाज आला. ते डब्याखाली सरकले होते. प्लायच्या सांध्यातून त्यांच्या बॅटरीचा उजेड दिसला.

"काका," धाकटी बसल्या जागेवरून ओरडली, "आम्ही काय हत्ती आहोत?"

भाऊ बाहेर कुठेतरी उभे होते. "हत्तीचंच होतं आधी," ते म्हणाले. "तेव्हा जागचं हलत नव्हतं."

कुरकुर होत होती. दर वेळी कोणी कूस बदलली की तळ जरासा बोलायचा. पण कोणी उठलं नाही. खालच्या वाडीतून पालखीचा ढोल ऐकू आला तेव्हा मोठीनं डोळे उघडले, केस बांधले, "चला गो" म्हणाली, आणि एकेक करून तिघी पायरी उतरून स्वयंपाकघराकडे गेल्या. मी दारात आले. पायरीशी आजोबांच्या चपला होत्या आणि ते अजून खालीच होते, मोबाइलनं फोटो काढत.

"काय बघताय?"

"वाकलं नाही," ते खालून म्हणाले. "बघ, कुठेच वाकलं नाही."

तुम्ही विचारलंत तो फोटो तेव्हाचा आहे.

मुंबईला परतताना ते महामार्गभर गणपतीचा विषय काढत नव्हते. जवळ येऊन दुसरीकडे वळत. पनवेलच्या टपरीवर उतरले, वाकून बघितलं, परत आले. मी म्हटलं, "खिडकीखाली एक पट्टी घाला. गणपतीत त्या तिथेच बसणार."

त्यांनी चहा खाली ठेवला. "किती जाडीची?"

"हलकी."

"हलकी म्हणजे किती?"

"पितळेवर लिहिलंय," मी म्हटलं. "या वेळी वाचा."